हाताची घडी, तोंडावर बोट

मागच्या भाद्रपदातली गोष्ट. दशलक्षणाचा सहावा दिवस होता, उत्तम संयमाचा. बेळगावातल्या आमच्या बस्तीत दुपारचा स्वाध्याय आटोपला आणि आम्ही बायका सभागृहात जरा पाय पसरून बसलो होतो. विषय सकाळपासून संयमाचाच चाललेला. तेवढ्यात एका सुनेनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एका लहान मुलापुढं बशीत चॉकलेट ठेवतात आणि आई सांगते, ‘मी येईपर्यंत खाल्लं नाहीस तर दोन मिळतील.’ मग मूल बिचारं एकटं बसून चॉकलेटकडं बघत राहतं. बघणाऱ्याला हसू येतं. जे थांबतं ते मूल पुढं आयुष्यात यशस्वी होतं, असं खाली लिहिलं होतं.

झालं. सभागृहात तीन-चार मुलं खेळत होतीच. कुणाच्या तरी पिशवीत चॉकलेटंही निघाली. खांबाआड एकेकाला बसवून परीक्षा सुरू. दोन मुली शहाण्यासारख्या थांबल्या. तिसरा साडेतीन-चार वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई पाठ वळवते न वळवते तोच त्यानं कागद सोलून चॉकलेट तोंडात टाकलं. सगळ्या हसल्या, मीही हसले. कुणीतरी म्हणालं, ‘संयमाच्या दिवशीच नापास!’ दुसरी म्हणाली, ‘ह्याचं पुढं अवघड आहे बाई.’

त्याची आई हसली नाही. घरी जाताना जिन्यापाशी तिनं मला गाठलं. ‘मावशी, तुम्ही वाचता-लिहिता. खरं सांगा की, माझा मुलगा असाच राहणार काय? कसं शिकवू त्याला?’

मला उत्तर देता आलं नाही. ‘लहान आहे गं, होईल’ असं काहीतरी बोलून मी चप्पल घातली. पण रात्री झोप लागेना, कारण मला माझा मुलगा आठवत होता. त्याची हकिगत पुढं येईलच. आधी ह्या चॉकलेटाची जन्मकथा सांगते. दुसऱ्या दिवसापासून मी तीच शोधत बसले होते.

ही परीक्षा वॉल्टर मिशेल नावाच्या मानसशास्त्रज्ञाची. जन्म 1930 चा, व्हिएन्नाचा. नाझी आल्यावर ज्यू असल्यामुळं घरदार सोडून अमेरिकेला पोचलेलं कुटुंब. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यानं वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर शाळकरी मुलांना विचारलं होतं, की छोटं चॉकलेट आज हवं, की मोठं काही दिवसांनी? नंतर तो अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात आला. विद्यापीठाच्या आवारातच बिंग नावाची शिशुशाळा होती. तिथं 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून पुढं काही वर्षं त्यानं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी साडेपाचशेहून अधिक मुलांवर हे प्रयोग केले. पुढ्यात कधी बिस्किट, कधी मार्शमॅलो. (मार्शमॅलो ही साखरेची मऊ फुगीर गोळी. तिच्यात जिलेटिन असतं, तेव्हा आपल्यातल्या कुणाचं मूल त्या परीक्षेत आपोआपच पास झालं असतं!) बशीशेजारी एक घंटी असे. थांबवेना तर ती वाजवायची, मग एकच मिळायचं. पंधरा मिनिटं थांबलं तर दोन.

आता गंमत बघा. मिशेलला कोण पास आणि कोण नापास हे मुळात शोधायचंच नव्हतं. जी मुलं थांबतात ती *कशी* थांबतात, ह्याचं त्याला कुतूहल होतं. काचेआडून बघताना दिसलं, की थांबणारी मुलं दातओठ खाऊन बशीकडं बघत बसत नव्हती. ती तोंड फिरवत, डोळ्यांवर हात धरत, गाणं म्हणत, बोटांशी खेळत. म्हणजे मोहाशी झुंजण्यापेक्षा मोहाकडं पाठ करत. मुलांना आधीच ‘हा ढग आहे असं समज’ असं सुचवलं, तर तीच मुलं कितीतरी जास्त वेळ थांबत. म्हणजे थांबणं ही कला होती, आणि ती सांगून येत होती. मिशेलच्या मते महत्त्वाचं ते हेच.

पण जगाच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. मिशेलच्या मुली त्याच शाळेत होत्या. त्या मोठ्या होताना घरात त्यांच्या वर्गमित्रांच्या गोष्टी निघत, त्यावरून त्याच्या मनात आलं की ह्या मुलांचं पुढं काय झालं ते बघावं. 1990 साली निष्कर्ष छापून आला, की जास्त थांबलेल्या मुलांना मोठेपणी परीक्षेत जास्त गुण मिळाले. ज्या मुलांचा माग लागला त्यांतल्या थोड्याच मुलांवरून काढलेली ही गोष्ट, आणि मुलंही बहुतेक प्राध्यापकांची नाहीतर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची. पण ती जगभर गेली. पुस्तकांत गेली, भाषणांत गेली, आणि फिरत फिरत आमच्या बस्तीच्या सभागृहात आली.

तिच्यामागून आलेल्या दोन गोष्टी मात्र कुणी मोबाइलवर पाठवत नाही. 2018 साली नऊशेहून अधिक मुलांवर तीच परीक्षा पुन्हा तपासली, आणि ह्या वेळी गरीब, कमी शिकलेल्या आयांची मुलंही त्यात होती. थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध पहिल्यापेक्षा निम्माच निघाला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराच विरून गेला. दुसरी गोष्ट त्याच्या पाच वर्षं आधीची, आणि मला ती जास्त भिडली. रॉचेस्टर विद्यापीठात अठ्ठावीस मुलं घेतली. आधी प्रत्येक मुलाला जुने खडू देऊन सांगितलं, ‘थांब, मी चांगले खडू आणते.’ निम्म्या मुलांना चांगले खडू खरंच आणून दिले. उरलेल्यांकडं बाई रिकाम्या हातानं परतली आणि म्हणाली, ‘सॉरी, नाहीयेत.’ मग मार्शमॅलो ठेवलं. बाईनं शब्द पाळलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. शब्द मोडलेली? तीन मिनिटं.

म्हणजे परीक्षा कुणाची होती? मुलाची की बाईची?

‘थांब, आत्ता आणते’ म्हणून आपण कितीदा आणत नाही! ‘इंजेक्शन दुखत नाही.’ ‘बाबा दोन मिनिटांत येतील.’ ‘रडू नको, उद्या जत्रेला जाऊ.’ हे मी माझ्या घरातलं सांगते आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

मिठाई आणि लहान मुलं ह्यांची आणखी एक गोष्ट आहे, मिशेलच्या साठ वर्षं आधीची. ती मारिया मॉन्टेसरीची. मॉन्टेसरी हे नाव आपल्याला इतकं पाठ झालं आहे, की गल्लीबोळातल्या पाट्यांवर ते वाचून ही बाई कोण होती असा प्रश्नही पडत नाही. मलाही पडला नव्हता. तिच्या पुस्तकांचे अनुवाद कपाटात होते. माहेरहून आणलेले, पानं पिवळी पडलेली. ह्या निमित्तानं उघडले.

ती इटलीतली डॉक्टर. जन्म 1870, वैद्यकीची पदवी 1896 ची. तेव्हा तिथं बाईनं डॉक्टर होणं म्हणजे काय असेल, ह्याचा अंदाज आपल्या आनंदीबाई जोश्यांवरून यावा. सुरुवातीच्या नोकरीत तिला वेड्यांच्या इस्पितळात जावं लागे. तिथं मतिमंद म्हणून टाकलेली मुलं मोठ्या माणसांबरोबरच कोंडलेली होती. तिथली राखणदारीण किळस आल्यासारखी सांगत होती, की जेवण झालं की ही मुलं जमिनीवर पडलेले पावाचे तुकडे गोळा करतात. मॉन्टेसरीनं ती खोली पाहिली. भिंती उघड्या, एक वस्तू नाही, हातात धरायला एक काडी नाही. तिच्या मनात आलं, ही मुलं अधाशी नाहीत, ह्यांच्या हातांना काम नाही. हाताला उपास पडला आहे, पोटाला नाही.

पुढं 6 जानेवारी 1907 ला रोममधल्या सान लोरेन्झो नावाच्या मजूरवस्तीत तिनं ‘मुलांचं घर’ सुरू केलं. त्याचं कारण मात्र उदात्त वगैरे काही नव्हतं. इमारतींच्या मालक कंपनीला भिंतींची काळजी होती. आईबाप दिवसभर कामावर, आणि शाळेत न जाण्याएवढी लहान मुलं जिन्यांत आणि भिंतींवर धुडगूस घालणार. त्यांना एका खोलीत सांभाळायला कुणीतरी हवं होतं. पन्नासेक मुलं जमली. रडकी, घाबरलेली. मॉन्टेसरीनं मुद्दाम शिक्षिकेचं प्रशिक्षण नसलेली बाई ठेवली, म्हणजे जुन्या सवयी मध्ये यायला नकोत.

तिथं काय काय घडलं ते तिनं स्वतःच लिहून ठेवलं आहे, आणि ते वाचताना आपल्या स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसून मूल बघितल्यासारखं वाटतं. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातल्या भोकांत लहानमोठे दट्टे बसवत होती. बसवायचे, काढायचे, पुन्हा बसवायचे. मॉन्टेसरी मोजू लागली. सगळ्या मुलांना गाणं म्हणायला सांगितलं, मुलगी ढळली नाही. खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवली, तिनं ठोकळा मांडीवर घट्ट धरला आणि काम चालू. चाळीसहून अधिक वेळा झाल्यावर ती थांबली. कुणी थांब म्हणालं नव्हतं. झोपेतून उठल्यासारखी ताजी होऊन इकडंतिकडं बघून हसली.

एकदा मॉन्टेसरीनं मुलांना नाक शिंकरायला शिकवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं पुसायचं, गंभीरपणे सगळं दाखवलं. ती हसतील असं तिला वाटलं होतं. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तिला नंतर उमगलं, की शेंबड्या नाकाबद्दल ह्या मुलांना सगळे रागावतात, हिणवतात, पण कसं पुसायचं हे आजवर कुणी नीट दाखवलंच नव्हतं. हा प्रसंग वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. संयमाचंही तसंच नाही का केलं आपण? ‘जरा दम धर’ हे हजारदा म्हटलं. कसा धरायचा, ते?

आता मिठाई. एके दिवशी मॉन्टेसरी वर्गात येताना अंगणात एका आईच्या हातातली चार महिन्यांची तान्ही मुलगी घेऊन आली. तिकडच्या रीतीप्रमाणं कपड्यात घट्ट गुंडाळलेली. ती मुलांना सहज थट्टेनं म्हणाली, ‘बघा, ही किती शांत आहे. तुमच्यापैकी कुणाला असं राहता येणार नाही.’ मुलं हसली नाहीत. त्यांनी पाय जुळवले, अंग स्थिर केलं. ती म्हणाली, हिचा श्वास बघा किती हलका. मुलांनी श्वास हलका केला. खोलीत अशी शांतता पसरली, की नेहमी ऐकू न येणारी घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. मग हा मुलांचा आवडता खेळच झाला. सगळी शांत झाली की ती शेजारच्या खोलीत जाऊन कुजबुजत एकेकाचं नाव घेई, आणि ज्याचं नाव येईल तो चवड्यांवर चालत, खुर्चीला धक्का न लावता तिच्याकडं जाई. शेवटच्या मुलाला किती वेळ थांबावं लागत असेल! एवढ्या लहानांना इतका धीर धरायला लावतो म्हणून तिनं बक्षीस द्यायला मिठाई आणली. मुलांनी ती घेतली नाही. आमची मजा घालवू नका, असा त्यांचा भाव होता.

सान लोरेन्झोची ही मुलं गरीब होती, मिठाई त्यांना रोज मिळत नव्हती. स्टॅनफर्डला मिठाईसाठी थांबायचं होतं. इथं थांबणं हीच मिठाई होती.

हा खेळ वाचताना माझ्या कानात एक दुसराच आवाज घुमत होता. ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकीला हा हुकूम ठाऊक आहे. आमच्या बाई नुसत्या वर्गात शिरल्या तरी आमचं बोट ओठावर जायचं. त्याआधीच्या पिढीला तर पंतोजींची छडी, अंगठे धरून उभं राहणं, कान पिळणं. शांतता तिथंही असायची. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी. पण बाई वर्गाबाहेर गेल्या की काय व्हायचं, ते आठवा! शांतता बाईंची होती, त्या ती बरोबर घेऊन जायच्या. मॉन्टेसरीच्या खेळातली शांतता मुलांची होती. एका जरी मुलाचं मन नसलं तरी ती जमायची नाही.

माझ्या मुलाची गोष्ट आता सांगते. तो चार वर्षांचा असताना बालवाडीत जायचा. शाळा चांगली, नाव असलेली. त्याच्या प्रगतिपुस्तकावर दर महिन्याला ‘अतिशय शांत’ असा शेरा यायचा आणि मी तो शेजारीपाजारी दाखवायची. एका दुपारी आणायला गेले तर त्याची चड्डी ओली, पायमोजे ओले. बाई म्हणाल्या, ‘बोलला पण नाही हो. इतका शांत बसला होता!’ रस्त्यात मी विचारलं, बाळा, सांगायचं नाहीस का? तो म्हणाला, ‘तोंडावर बोट होतं.’

मी त्या दिवशी बाईंवर रागावले नाही. स्वतःवरही नाही. खरं सांगायचं तर थोडं कौतुकच वाटलं होतं, की केवढा ऐकतो माझा मुलगा! आज तो तिशीत आहे. चांगली नोकरी आहे, वागणं सालस आहे. पण एखादी गोष्ट दुखली-खुपली तर आठ-आठ महिने बोलत नाही. परवा सून म्हणाली, ‘आई, ह्यांच्या तोंडावरचं बोट कधी निघणार?’ तिला चड्डीची गोष्ट माहीत नाही. ती सहज म्हणाली.

आता आपल्याकडं ही विद्या कशी आली ते बघू. गुजरातेत गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. आपल्या मुलाला कुठल्या शाळेत घालावं ह्या विचारातून त्यांच्या हाती मॉन्टेसरीची पुस्तकं आली आणि वकिली सुटली. 1920 मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. तीन वर्षांनी त्यांना येऊन मिळाल्या आपल्या ताराबाई मोडक. जन्म 1892, मुंबईचा. वडील प्रार्थना समाजातले. त्या काळातल्या बी. ए. झालेल्या ताराबाई राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. पगार होता, मान होता. तो सोडून पदरच्या लहान मुलीला घेऊन त्या भावनगरला बालमंदिरात मुलांमध्ये जाऊन बसल्या. 1926 ला दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मराठीत ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, 1936 मध्ये दादरला शिशुविहार काढलं. मुलाला मारू नका, धाक दाखवू नका, लालूच दाखवू नका, हे मराठी आयांना घराघरांत पोचवणारी बाई ती.

मॉन्टेसरी स्वतः भारतात आली ती नोव्हेंबर 1939 मध्ये, मद्रासजवळच्या अड्यारला, थिऑसॉफिकल सोसायटीच्या बोलावण्यावरून. तेव्हा गिजुभाईंना जाऊन पाच महिने झाले होते. ती आली थोड्या महिन्यांसाठी आणि अडकली युद्ध संपेपर्यंत. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी ही सत्तरीची बाई शत्रुराष्ट्राची नागरिक झाली. तिच्याबरोबर आलेल्या तिच्या मुलाला, मारिओला, पकडून आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवलं. 31 ऑगस्टला तिचा सत्तरावा वाढदिवस होता. व्हाइसरॉयनं भेट म्हणून तिचा मुलगा तिला परत दिला. ह्या मुलाचं बालपण तिच्याविना गेलं होतं. लग्नाशिवाय झालेला, म्हणून खेड्यात दुसऱ्यांकडं वाढवलेला, आणि मोठा झाल्यावरच तो तिच्याजवळ आला. जगाच्या मुलांना घर देणाऱ्या बाईचं हे दुखणं मला अनुवादांच्या प्रस्तावनांत कुठं दिसलं नाही.

पुढं कोडाईकनालच्या थंडीत राहून तिनं तान्ह्या मुलांचं निरीक्षण केलं, हजारभर शिक्षक तयार केले आणि युद्धानंतर परत गेली. पण मला तिच्यापेक्षा ताराबाईंनी नंतर काय केलं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. दादरची मुलं खाऊनपिऊन सुखी होती. लाकडी साहित्य महाग होतं. ही शाळा श्रीमंतांच्या मुलांचीच होऊन बसणार, हे त्यांना दिसत होतं. म्हणून 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी (म्हणजे माझ्या आत्ताच्या वयाच्या आसपास), त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावात गेल्या. तिथं त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताईंचं तेराव्या वर्षी लग्न झालं होतं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं होतं. शिकून शिक्षिका झालेल्या ह्या बाईला बाळ असं कधी नव्हतंच. पुढं दोघींनी मिळून किती मुलांना न्हाऊमाखू घातलं, त्याची गणती नाही.

न्हाऊमाखू मी शब्दशः म्हणते आहे. शाळा काढली आणि मुलं आली नाहीत. मग ताराबाईंनी शाळाच वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. 1975 पासून देशभर सरकारी पाट्यांवर दिसणारा शब्द तो हाच. आधी आंघोळ, नखं काढणं, केस विंचरणं, खरजेला औषध. मग खाणं. मग शिकणं. साहित्य कुठलं? शिंपले, चिंचोके, गुंजा, काड्या, पानं. 1957 मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत गेल्या. तिथली आठ वर्षांची मुलगी कडेवर भावंड घेऊन फिरणार, ती शाळेत कशी येईल? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या, त्याला विकासवाडी नाव दिलं. गुरं राखणारी मुलं येईनात, तर शिक्षिका त्यांच्या मागं कुरणात. तिचं नाव कुरणशाळा.

रॉचेस्टरच्या त्या खडूंच्या प्रयोगाला साठेक वर्षं होती, पण ताराबाईंना त्यातलं सगळं ठाऊक होतं. पोट भरेल ह्याची खात्री नसलेल्या मुलाला ‘थांब, मग दोन मिळतील’ म्हणून चालत नाही. त्याच्या जगात मगचं मिळत नसतं. त्याला आधी रोज ठरल्या वेळी येणारी बाई हवी. काल आली, आज आली, उद्याही येईल अशी. ताराबाई 1973 मध्ये गेल्या, अनुताई 1992 पर्यंत टेकडीवरच राहिल्या.

हे सगळं वाचून झाल्यावर माझी आज्जी आठवली. निपाणीजवळच्या खेड्यात आमचं घर. आज्जी रोज पहाटे सामायिकाला बसायची. दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं. तिनं आम्हा नातवंडांना ‘बसा’ असं कधी म्हटलं नाही. मी आपण होऊन तिच्या मांडीला टेकून बसायची, कारण तिथं उबदार असायचं आणि ती हलायची नाही. तिचा श्वास माझ्या पाठीला लागायचा. मी कधी दहा मिनिटं बसायची, कधी झोपायची. उठून गेले तर ती डोळे उघडायची नाही, परत आले तर जागा तशीच असायची. आज माझं सामायिक जे काही होतं, ते तिथलंच आहे. आज्जीला मॉन्टेसरी हे नाव उच्चारता आलं नसतं. माझ्या मुलाच्या वेळी मात्र मी त्याला पाठशाळेत धपाटा घालून बसवलं. शिकले-सवरलेली होते ना.

त्या जिन्यापाशी गाठणाऱ्या पोरीला मी हे सगळं सांगायचं ठरवलं होतं. अनंत चतुर्दशीला ती बस्तीत आली, पण गर्दी फार. अभिषेक, पूजा, आरतीची धांदल. तिचा मुलगा कुठं दिसेना म्हणून ती इकडंतिकडं बघत होती. तो मला दिसला. मागच्या बाजूला, खांबाशी, त्याच्या आज्जीचा पाट आणि तांदळाची वाटी घेऊन. बायका पाटावर तांदळाचे पाच पुंज मांडतात, ते त्यानं पाहिलं असणार. चिमटीनं एकेक ढीग घालत होता. तिसऱ्याला चौथा चिकटला की सगळं पुसायचं आणि पहिल्यापासून मांडायचं. जीभ ओठाच्या कोपऱ्यात आलेली. शेजारून माणसं जात होती, घंटा वाजत होती. एकदा पाचही जमले. त्यानं हात मागं घेऊन बघितलं, आणि स्वतःच पुसून टाकलं. पुन्हा पहिला.

त्याची आई हाक मारायला तोंड उघडणार तोच मी तिचा हात धरला आणि पाटाकडं बोट केलं. आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो. प्रसादाची रांग पुढं सरकून गेली.